भोपळ्याची मुदत

मी हाक मारावी आणि कुत्र्याने यावं, एवढीच माझी अपेक्षा होती. बढती मागितली नव्हती, बदली मागितली नव्हती. (दोन्ही मागून झाल्या होत्या, पण तो विषय वेगळा.) एवढ्याशा अपेक्षेपायी माणसाला काय काय करावं लागतं, हे मला विचारा. नाही विचारलंत तरी मी सांगणारच आहे.

कुत्रा माझ्या आत्याचा. आतोबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि यंदा आत्या तिच्या मुलाकडे कायमची राहायला गेली. तिच्या सुनेला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. एकदा सुरू झाल्या की अठरा-वीस तरी येतात म्हणे. मग कुत्र्याचं करायचं काय? कॉलेजची चार वर्षं मी आत्याकडे राहिलो होतो, तिच्या हातचं जेवलो होतो, त्यामुळे मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. लहानपणापासून मला कुत्रा हवा होता. आधी वडील नको म्हणाले, मग घरमालक नको म्हणाला, मग बायको नको म्हणाली. आता कुत्रा आपल्या पायांनी घरात आला होता.

त्याचं नाव भोपळ्या. रंगाने पिवळा, पोटाने गोल, आणि जिथे ठेवाल तिथे तासन्‌तास राहणारा. 'कुत्रा नको' म्हणणाऱ्या माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी "भोपळ्या" म्हटलं तर हा तिच्या पायाशी येऊन लोळला. माझी मुलगी आठवीत आहे. तिने नुसती चुटकी वाजवली तर हा दोन पायांवर उभा राहिला. दूधवाल्याने दारातून "काय रे" म्हटलं, तर शेपटी हलवत त्याच्यामागे अर्धा जिना उतरून गेला.

मग मी पुढे झालो. भोपळ्या सोफ्यावर पसरला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि जमेल तितक्या प्रेमाने म्हणालो, "भोपळ्या, ये."

भोपळ्या उठला. सोफ्यावरून खाली उतरला. माझ्याकडे ढुंकूनही न बघता खोली ओलांडून जेवणाच्या टेबलाखाली गेला, पुढचे दोन पाय जुळवून बसला आणि मग माझ्याकडे एकटक बघत राहिला.

"घाबरला असेल," बायको म्हणाली.

"मला?"

"नाहीतर काय टेबलाला?"

मी पुन्हा घसा साफ करून हाक मारली. तो आणखी थोडा आत सरकला.

मी बस कंपनीच्या हरवले-सापडले विभागात वरिष्ठ कारकून आहे. प्रवासी बसमध्ये जे जे विसरतात ते ते माझ्याकडे येतं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे, आणि गेल्या वर्षी एक कवळी. (तिचा मालक आलाच नाही. आला असता तरी त्याला बोलता काय आलं असतं, कोण जाणे.) आलेल्या प्रत्येक वस्तूला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो. चिठ्ठीवर वस्तूचं वर्णन, सापडल्याचं ठिकाण, आणि तळाशी मुदत. तीस दिवसांत मालक ठरला नाही तर वस्तू लिलावात जाते. सत्तावीस वर्षं हेच काम केल्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाला तीस दिवस पुरतात, अशी माझी समजूत होऊन बसली आहे. पुढचं सगळं रामायण ह्या समजुतीमुळे घडलं.

भोपळ्या येऊन दहा दिवस झाले असतील. माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, सहज म्हणून आले. त्यांची लाकडाची वखार आहे. माणूस मनाने सरळ, आवाजाने मोठा. त्यांच्यासमोर मी भोपळ्याला हाक मारली आणि भोपळ्या नेहमीप्रमाणे टेबलाखाली जाऊन बसला. मेहुणे इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"भावोजी, हे तुमच्याच्याने होणार नाही. माझ्या वखारीला राखणीला कुत्रा हवाच आहे. द्या मला. साखळीला बांधला की चार दिवसांत सरळ येईल."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मेहुणा हसला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी म्हणालो, "तीस दिवस. आमच्या विभागाचा नियमच आहे. आल्यापासून तीस दिवसांत हा माझ्या हाकेला आला नाही, तर खुशाल घेऊन जा."

"ठरलं?"

"ठरलं."

बोलून मिनिटभर झालं नसेल, मला पस्तावा झाला. पण कागदावर मारलेला शिक्का आणि मेहुण्यासमोर टाकलेला शब्द पुसता येत नाहीत. मुलीने त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर ती कुत्र्यामार्फत सांगायची. "भोपळ्या, बाबाला सांग, पाण्याचा जग इकडे दे." मी जग द्यायचो. "भोपळ्या, बाबाला सांग, साखळीला बांधलेल्या कुत्र्याच्या मानेवरचे केस जातात." ह्यावर मी काय देणार?

राहिले वीस दिवस. मी बिस्किटांचा पुडा आणला. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा हाक मारायची असं ठरवलं, आणि कुत्रा कितीदा आला हे मांडायला एक वहीही केली. तिच्यात दोन रकाने होते, 'हाक' आणि 'आगमन'. पहिल्या रकान्यात पाच दिवसांत शंभर खुणा झाल्या. दुसरा इतका कोरा राहिला की बायकोने त्यात किराणा लिहून ठेवला.

मला कळेना ते हेच की त्याला माझी भीती म्हणावी तर तो थरथरत नव्हता, गुरगुरत नव्हता, शेपटीही पायात घालत नव्हता. रमतगमत टेबलाखाली जायचा, पाय जुळवायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू चुकतो आहे तो मीच. शेवटी मला त्याची दया यायची आणि मी बिस्किटाचा तुकडा टेबलाखाली टाकायचो. तो खाऊन परत सोफ्यावर जायचा. मी घसा साफ करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. दोघांच्याही बाजूने कसर नव्हती, पण काम काही पुढे सरकत नव्हतं.

"तुम्हाला गरम पाणी देऊ का?" बायकोने एकदा मधेच विचारलं.

"आत्ता? कशाला?"

"नाही, असंच."

शेवटचा आठवडा उरला तेव्हा मी कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. आमच्या डेपोमागच्या मैदानात शनिवारी सकाळी त्यांचा वर्ग असतो. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई. समोर सहा कुत्री आणि सहा मालक ओळीत उभे होते.

"कुत्रा कुठाय तुमचा?" बाईंनी विचारलं.

"घरी. टेबलाखाली."

"बरोबर आणायचा ना."

"तो माझ्याबरोबर येत नाही. आला असता तर मी इथे आलोच नसतो."

बाईंनी थोडा विचार केला. "मग तुम्ही उभे राहा ओळीत."

मी एका दांडग्या अल्सेशियनच्या आणि एका केसाळ चिमुकल्या कुत्रीच्या मधे उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "बस." सहाही कुत्री बसली. मीही निम्मा वाकलो होतो, तेवढ्यात चूक लक्षात आली. (ती केसाळ कुत्री माझ्याकडे बघत होती. तिने कुणाला सांगितलं नसेल अशी आशा आहे.)

वर्ग संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. मी घसा साफ करून सगळी हकिकत सांगितली.

"घसा बसलाय का तुमचा?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. नोकरी काय करता?"

मी सांगितलं.

"म्हणजे एखादा माणूस छत्री मागायला आला तर ती त्याचीच आहे हे कसं ठरवता?"

हा माझा आवडता विषय. "तीन खुणा विचारतो. काळी आहे, लांब आहे, असल्या नाही चालत. मुठीवर चरा आहे, एक काडी तारेने बांधलीय, आतल्या बाजूला शाईचा डाग आहे, असं सांगावं लागतं. छत्री काही मालकाला ओळखत नाही, मालकाने छत्री ओळखायची असते."

"मग तुमच्या कुत्र्याच्या तीन खुणा सांगा."

"पिवळा आहे."

"पुढे?"

"गोल आहे."

"तिसरी?"

मी बराच वेळ आठवत राहिलो. "हाक मारली की येत नाही."

"ही तुमची खूण झाली, त्याची नाही," बाई म्हणाल्या. "एवढ्यावर तुम्ही कुणाला छत्री दिली असती का?"

मी मान हलवली. सत्तावीस वर्षांत इतक्या कमी माहितीवर माझ्याकडे कुणी दावा केला नव्हता.

"मग आठवडाभर हाक मारायची नाही. जमिनीवर बसायचं, तळहात उघडा ठेवायचा, आणि त्याच्याकडे बघायचं. विश्वास म्हणजे बोलावून येणारी गोष्ट नाही, आधी आपण ठेवावा लागतो. आणि टेबलाखाली बिस्किट टाकणं बंद करा. लपायचं बक्षीस देताय तुम्ही."

हे सगळं मला पटलं. (मला नेहमी सगळं पटतं. घरी गेल्यावर ते करायचं कसं, हे मात्र कळत नाही.) मी रोज संध्याकाळी जमिनीवर बसू लागलो. पहिल्या दिवशी बायकोला वाटलं माझं काहीतरी पडलं आहे, ती झाडू घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं मी रुसलो आहे. तिसऱ्या दिवशी तिने मला ओलांडून जायची सवय करून घेतली.

पण मी बघत होतो, आणि मला दिसायला लागलं. भोपळ्याच्या डाव्या कानाच्या टोकाला तिकिटाला पडते तशी नीट गोल खाच आहे. झोपेत त्याचा मागचा एकच पाय पळतो, बाकीचे तीन विश्रांती घेतात. पाणी पिऊन झाल्यावर तो वाटीकडे वळून एकदा बघतो, काही राहिलं का म्हणून. मला हे आधी दिसलं नव्हतं ह्याची लाज वाटली. आणि एक गोष्ट बायकोने सांगितली, ती ऐकून तर मी चक्रावलोच. मी कामावर गेलो की तो माझ्या घरातल्या चपलांवर हनुवटी टेकून झोपतो. सगळ्या चपला हुंगतो आणि माझ्याच निवडतो.

म्हणजे माझ्या चपलेवर त्याचा विश्वास होता. फक्त चपलेतल्या माणसावर नव्हता.

बुधवारी तो सोफ्यावरून उतरून आपणहून माझ्याजवळ आला. मी श्वास रोखून बसलो. त्याने माझी बोटं हुंगली. त्याचं ओलं नाक तळहाताला लागलं आणि मला इतका आनंद झाला की राहवेना. मी घसा साफ करून "शाब्बास" म्हणणार, तोवर हा वळून टेबलाखाली. पाय जुळवून, टक लावून. बाईंनी सांगितलं होतं म्हणून मी बिस्किट दिलं नाही. तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. आमच्या विभागाच्या खिडकीवर खऱ्या मालकाला त्याची वस्तू नाकारली की तो असाच बघतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी हात टेकले. रविवारी मुदत संपत होती. मी आत्याला फोन लावला. घरातल्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला. भोपळ्या सोफ्यावर होता, मुलगी त्याच्या शेजारी पुस्तक घेऊन बसली होती.

"आत्या," मी घसा साफ करून म्हणालो, "तुझ्या कुत्र्याचं काही खरं नाही."

"का रे बाळ? सोफ्यावर बसला होता का?"

"होता. आता टेबलाखाली गेला."

"जाणारच. तू पाठवलास ना."

"मी कुठे पाठवला?"

"आत्ता खाकरलास की."

"कोण खाकरलं?"

"तू."

"मी? मी कधी खाकरलो?" मी बायकोकडे पाहिलं. बायकोने मुलीकडे पाहिलं. मुलगी पुस्तकात बघायला लागली. "मी खाकरतो?"

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही सकाळी उठताना आधी खाकरता आणि मग डोळे उघडता."

"हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"मला वाटलं तुम्हाला ऐकू येत असेल."

मग आत्याने खुलासा केला. आतोबांना टापटीप फार. कुत्रा सोफ्यावर चढलेला त्यांना खपायचा नाही. आणि भोपळ्याला सोफ्याशिवाय करमायचं नाही. आतोबा कामावरून आले की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खाकरायचे. तेवढ्या वेळात भोपळ्याने सोफ्यावरून उतरून टेबलाखाली जाऊन पाय जुळवून बसायचं, आणि आत्याने त्याला अर्धं बिस्किट द्यायचं, असं त्या दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

"ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही," आत्या म्हणाली. "सोफ्यावर केस दिसले की मी म्हणायची, माझ्या शालीचे आहेत. आणि तू अगदी त्यांच्यासारखा खाकरतोस हो. चार वर्षं त्यांच्या सोबत राहिलास, दुसरं काही उचललं नाहीस, तेवढं उचललंस. मागे तुझा फोन आला तेव्हा तुझं खाकरणं ऐकून मीच सोफ्यावरून उठले." मग तिला आठवलं, "बिस्किट देतोस ना त्याला?"

महिनाभर ज्याला मी हट्टी म्हणत होतो तो दिवसातून वीस-वीस वेळा माझी आज्ञा पाळत होता. त्याचं काम चोख होतं. ठरलेला मोबदला मात्र मी ह्या आठवड्यात बंद केला होता. मला फार वाईट वाटलं. मी वाकून टेबलाखाली बिस्किट धरलं. त्याने ते हळूच, दात न लावता घेतलं.

आता उपाय सोपा होता. खाकरायचं नाही. तुम्हाला हे सोपं वाटत असेल तर तुम्ही खाकरणारे नाही आहात. शनिवारी मी तोंड मिटून कामावर गेलो. रोज दाराशी आपलं खाकरणं होत असणार, हे मला त्या दिवशी कळलं, कारण मी आवाज न करता आत गेलो तर आमचा शिपाई सापडलेल्या तीन बॅगांवर सापडलेलं ब्लँकेट पांघरून झोपला होता, आणि माझ्या हाताखालचा कारकून सापडलेली हॅट घालून, सापडलेल्या आरशात बघत होता. मला बघताच शिपाई दचकून उठला आणि ब्लँकेटची घडी घालू लागला, आणि कारकुनाने हॅट काढून तिला चिठ्ठी बांधायला घेतली. दुपारी एक आजोबा छत्री मागायला आले. खुणा विचारायला मी तोंड उघडलं, पण खाकरल्यावाचून शब्द बाहेर पडेना. तोंड नुसतंच उघडं राहिलं. आजोबांनी खिडकीतून हात घालून माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "राहू द्या, दुसरी घेईन."

रविवारी अकराला मेहुणे आले. खाली टेम्पो उभा होता, हातात साखळी होती. मुलीचे डोळे सकाळपासूनच लाल होते. भोपळ्या सोफ्यावर होता आणि त्याला कशाचीच कल्पना नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

"भावोजी, उगाच मनाला लावून घेऊ नका," मेहुणे म्हणाले. "मी त्याला नीट ठेवीन. मारा हाक, एकदा काय ते होऊन जाऊ द्या."

मी समोर उभा राहिलो. आवंढा गिळला. न खाकरता म्हणालो, "भोपळ्या." आवाज असा निघाला की मला स्वतःला तो शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. भोपळ्याने मान वाकडी केली आणि दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.

"पुन्हा," मुलगी म्हणाली. वीस दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली होती.

"भो..." मी म्हणालो. ह्या वेळी फक्त पहिलं अक्षर बाहेर पडलं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मेहुण्यांनी विचारलं.

मी मान हलवली, मूठ आवळली, घशात दीड दिवसाचं साठलेलं वर चढत होतं ते दाबायचा प्रयत्न केला, आणि मग माझा निरुपाय झाला. मी खाकरलो. उभ्या जन्मात इतका मोठा खाकरलो नसेन. भोपळ्या सोफ्यावरून उडी मारून टेबलाखाली गेला आणि पाय जुळवून बसला.

"गेला," मेहुणे म्हणाले, आणि त्यांचाही आवाज जरा पडला. त्यांनी साखळी उलगडली.

"थांबा," मी म्हणालो. "मी त्याला बाहेर काढतो. तुम्ही ओढू नका." निदान निरोप तरी आपण नीट द्यावा, एवढंच माझ्या मनात होतं. मी दोन खुर्च्या बाजूला केल्या आणि गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरलो. आमच्या टेबलाच्या पायांमधून एक आडवी फळी जाते. तिच्या खालून डोकं गेलं, खांदे गेले, पोट निम्मं गेलं. भोपळ्याने ही सगळी हालचाल शांतपणे पाहिली. मग मला ऐसपैस जागा व्हावी म्हणून की काय, तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडला आणि सोफ्यावर जाऊन बसला. त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं. खाकरणारा माणूस टेबलाखाली गेला, म्हणजे सोफा मोकळा झाला.

मला पुढे जाता येईना आणि मागेही येता येईना. शर्ट कुठल्याशा खिळ्यात अडकला होता आणि उजव्या पोटरीत गोळा आला होता. मला बायकोला सांगायचं होतं, 'अगं, फळी जरा वर उचल.' त्याआधी अर्थातच मी खाकरलो.

सोफ्यावरून धप्पकन आवाज आला. फरशीवर नखं वाजली. भोपळ्या धावत आला, खुर्चीच्या पायांमधून घुसला आणि टेबलाखाली माझ्या अंगाला अंग लावून बसला. पाय जुळवून. त्याचं नाक माझ्या कानाला लागलं होतं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि माझा त्याला. मी कसाबसा हात खिशापर्यंत नेला. अर्धं बिस्किट होतं. ते मी त्याला दिलं आणि माझे डोळे भरून आले. (टेबलाखाली धूळही बरीच होती.)

"आला," मुलगी ओरडली. "बाबाकडे आला."

"तसं नाही," मेहुणे म्हणाले. "हाकेला यायचं ठरलं होतं. त्यांनी हाक कुठे मारली?"

"दादा, हाक कशाला हवी?" बायको म्हणाली. "हे नुसते खाकरले आणि तो सोफ्यावरून उठून गेला. ह्या घरात ह्यांचं एवढं ऐकणारं दुसरं कोण आहे?"

मला फक्त मेहुण्यांचे बूट दिसत होते. ते बूट आधी माझ्या मुलीकडे वळले, मग बायकोकडे वळले, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग साखळी गुंडाळून खिशात घातल्याचा आवाज आला. पुढे त्यांनीच वाकून टेबल एका बाजूने उचललं आणि मला बाहेर यायला वाट करून दिली.

"फळी जड आहे हो," ते म्हणाले. "कुठल्या वखारीतली?"

"आपल्याच," बायको म्हणाली.

आता आमचं उत्तम चाललं आहे. पाहुणे विचारतात, कुत्रा तुमच्याकडे येतो का? मी म्हणतो, येतो की, एका खाकरण्यात येतो. फक्त मला आधी टेबलाखाली जाऊन बसावं लागतं. बायकोने तिथली धूळ झाडून जुनी उशी टाकली आहे, आणि आडवी फळी मेहुण्यांनी स्वतः येऊन चार बोटं वर बसवून दिली. रोज संध्याकाळी मी पंधरा मिनिटं तिथे असतो. तिथे कितीही खाकरलं तरी कुणी उठून जात नाही.

गेल्या आठवड्यात मी तिथून बाहेर आलो तर सगळे माझ्याकडे बघून हसू दाबत होते. आरशात पाहिलं. शर्टाच्या मागच्या बाजूला आमच्या विभागाची पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचलेली होती, मुलीच्या अक्षरात. 'सापडलेली वस्तू: एक बाबा. ठिकाण: जेवणाचे टेबल, खाली. खुणा: एक, खाकरतो, दोन, अडकतो, तीन, खिशात अर्धे बिस्किट. मालक: भोपळ्या.' आणि तळाशी, बायकोच्या अक्षरात, 'तीस दिवसांत नेले नाही तर वखारीत पाठवणे.'